लिनक्सच्या घरातील वेगळ्या चुली



संगणकावर बोलण्यासाठी एखाद्या प्राध्यापकास न बोलावता हमाल-मापाड्यांच्या कार्यकर्त्यास बोलावले, तेव्हा संयोजकांची काही चूक झाली की काय, अशी शंका आपणांपैकी कित्येकांस आली असेल. ती आम्हांसही आली होती. आमचे शालेय शिक्षण नववीपर्यंतचे. इंग्रजी आम्ही शब्दकोश मांडीवर घेऊन शिकलो, आणि तेही कामगार कायद्यांची कलमे आपली आपणांस वाचता यावीत एवढ्यासाठी. तेव्हा संगणकशास्त्राचे व्याख्यान आमच्याकडून होणार नाही. आम्ही एका भांडणाचा इतिहास सांगणार आहोत. आणि भांडणे, फाटाफुटी, समेट हा मात्र आमचा गेल्या तीस वर्षांचा विषय आहे.

मोंढ्यातील आमच्या कार्यालयात एक जुना संगणक आहे. सभासदांची नोंदवही, वर्गणीचा हिशेब, अपघाताच्या भरपाईची प्रकरणे, सारे त्यातच. गेल्या वर्षी तो इतका मंदावला की एक पावती छापून होईपर्यंत बाहेर एक गाडी रिकामी होई. दुकानदाराने पाहिले आणि सांगितले, "हा आता भंगारात घाला." आमच्या एका सभासदाचा मुलगा येथील कृषी विद्यापीठात शिकतो. तो म्हणाला, "काका, भंगारात कशाला? लिनक्स टाकून पाहू." आम्ही होकार दिला. मग त्याने विचारले, "डेस्कटॉप कोणता टाकू?" आम्हांस प्रश्नच कळला नाही. डेस्कटॉप म्हणजे समोर दिसतो तो. त्यात कोणता म्हणजे काय? त्याने सहा-सात नावे घेतली. त्या नावांच्या मागे काय आहे, ते शोधता शोधता आमचा एक उन्हाळा गेला.

प्रथम हा डेस्कटॉप म्हणजे काय, ते पाहू. मोंढ्यातील एखादे अडतीचे दुकान डोळ्यांपुढे आणा. पुढे व्यापाऱ्याची गादी, मागे गोदाम. माल चढतो-उतरतो तो गोदामात. पण गिऱ्हाईक बसते गादीवर, आणि दुकान म्हणून त्यास जे आठवते ती ती गादी. संगणकाचेही तसेच आहे. आत कार्यप्रणालीचा गाभा असतो. स्मरणशक्ती वाटून देणे, तबकडीवर लिहिणे, छपाईयंत्राशी बोलणे ही ओझी तो वाहतो. बाहेर खिडक्या, चित्रे, खालची पट्टी, यादी हे सारे गादीचे. बाजारात विकत मिळणाऱ्या कार्यप्रणालीत गादी आणि गोदाम एकाच मालकाचे असते, म्हणून दोन्ही वेगळी आहेत हेच आपल्या ध्यानात येत नाही. लिनक्समध्ये गोदाम तेच ठेवून गादी बदलता येते. एकाच यंत्रावर दोन-तीन गाद्याही घालता येतात, आणि आत शिरताना पाटीवर जी निवडाल ती मिळते.

ही सोय कोणी योजून केलेली नाही. ती भांडणातून आली.

अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी २७ सप्टेंबर १९८३ रोजी जाहीर केले की, आपण एक संपूर्ण मुक्त कार्यप्रणाली रचणार. कोणीही ती चालवावी, उघडून पाहावी, बदलावी आणि दुसऱ्यास द्यावी. तिचे नाव त्यांनी ग्नू ठेवले. गाभा तेवढा राहिला होता. तो फिनलंडमधील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली दिला. पडद्यावर खिडकी उघडण्याची यंत्रणा, जिला 'एक्स' म्हणतात, ती एमआयटी या विद्यापीठात १९८४ सालीच सुरू झाली होती. म्हणजे गोदाम तयार होते आणि गोदामातून पुढे निरोप नेणारा माणूसही होता. गादी मात्र नव्हती. प्रत्येक आज्ञावलीचे रूप निराळे, बटणे निराळी. मोठ्या कंपन्यांनी १९९३ साली सीडीई नावाचा एक समाईक डेस्कटॉप काढला होता, पण तो त्यांच्या महागड्या यंत्रांसाठी, आणि मुक्त नव्हे.

१४ ऑक्टोबर १९९६ रोजी जर्मनीतील ट्युबिंगेन येथे शिकणाऱ्या माथियास एट्रिख या तरुणाने एक आवाहन प्रसिद्ध केले. त्याचे म्हणणे साधे होते: यंत्र जाणणाऱ्यांसाठी पुष्कळ झाले, आता जो केवळ वापरणारा आहे त्याच्यासाठी सगळ्या आज्ञावली एका वळणाच्या करू या. कामास हात लागले आणि केडीई उभा राहिला; नावातच सीडीईची थट्टा होती. परंतु बटणे, याद्या, खिडक्या घडविण्यासाठी जी हत्यारे त्यांनी घेतली ती 'क्यूटी' नावाची, आणि ती नॉर्वेतील ट्रोलटेक या कंपनीच्या मालकीची होती. वापरावयास फुकट, पण बदलून वाटण्याची मुभा नाही. येथे ठिणगी पडली. घर आपले, पण पाया भाड्याच्या जागेवर; उद्या मालकाने हुसकले तर? मेक्सिकोतील मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना यांनी ऑगस्ट १९९७ मध्ये दुसरी चूल मांडली. तिचे नाव ग्नोम. तिची हत्यारे पूर्ण मुक्त, चित्रे रंगविण्याच्या 'गिंप' या आज्ञावलीसाठी बर्कलीच्या विद्यार्थ्यांनी घडविलेली. केडीईची पहिली पक्की आवृत्ती जुलै १९९८ मध्ये निघाली, ग्नोमची मार्च १९९९ मध्ये. मधल्या काळात दोन्ही बाजूंनी जे शब्द वापरले गेले, ते वाचताना आम्हांस आमच्या काही सर्वसाधारण सभा आठवल्या.

या भांडणाचे फळ काय, ते पाहा. ट्रोलटेकने परवाना आधी सैल केला आणि सप्टेंबर २००० मध्ये स्टॉलमन यांच्या चळवळीचाच परवाना क्यूटीस लावला. ग्नोम नसता तर हे घडले असते असे आम्हांस वाटत नाही. पण केडीईच्या मंडळींनी त्याही आधी, १९९८ साली, कंपनीशी एक करार करून ठेवला होता, आणि कामगार कार्यकर्ता म्हणून आम्हांस सर्वांत मोल वाटते ते त्याचे. एक न्यास स्थापन झाला. अट अशी की, कंपनीने ठराविक मुदतीत, म्हणजे बारा महिन्यांत, क्यूटीची मुक्त आवृत्ती काढली नाही, तर ती सर्वांस खुली करण्याचा हक्क न्यासास पोहोचतो. पुढे २००८ साली नोकियाने ट्रोलटेक विकत घेतली, २०१२ साली क्यूटी डिजियाकडे गेली, नंतर त्यातून क्यूटी कंपनी निघाली. मालक इतक्या वेळा बदलला, पण करार नव्याने होत टिकला. जिनिंगचा कारखाना हातबदल झाला की आधीच्या मालकाशी झालेला करार आम्हांस लागू नाही असे उत्तर ऐकण्याची ज्यांस सवय आहे, त्यांस याची किंमत सांगावयास नको.

हत्यारांच्या मालकीवरून अडलेले हे दोघेच नव्हते. फ्रान्समधील ओलिव्हिए फूर्दाँ यांनी १९९६ सालीच एक्सएफसीई नावाचा लहानसा डेस्कटॉप केला होता. त्याचीही हत्यारे पुरती मुक्त नव्हती, म्हणून तो सर्वत्र स्वीकारला जाईना. तेव्हा त्यांनी तो ग्नोमच्याच हत्यारांनी पुन्हा मुळापासून लिहिला. हे नाव लक्षात असू द्या. पुढे त्याची गाठ पडणार आहे.

आता फाटाफुटीविषयी थोडे, कारण तो आमच्या जिव्हाळ्याचा, किंबहुना जखमेचा विषय आहे. १९२० साली मुंबईत आयटक स्थापन झाली. १९४७ साली इंटक निघाली, १९४८ साली हिंद मजदूर सभा, १९७० साली सीटू. कोण बरोबर आणि कोण चूक यात आज शिरत नाही. पण संघटना फुटते तेव्हा काय होते, ते आम्ही पाहिले आहे. निधी कोणाचा, कचेरीची किल्ली कोणाकडे, नोंदवही कोणी नेली यावर वर्षे जातात, आणि तोवर मालक निवांत असतो. मुक्त आज्ञावलीत वेगळी चूल मांडणारा जाताना सारे बरोबर नेतो आणि मागे सारे जागच्या जागी राहते. नोंदवहीची जणू दुसरी प्रत निघते, शाईचा खर्चही न होता. हे प्रथम वाचले तेव्हा आम्हांस खरे वाटेना. आपल्याकडे म्हणतातच, 'बनी तो बनी, नहीं तो परभणी'. जमले तर उत्तम, न जमले तर आपले गाव आहेच. तिकडे प्रत्येक कार्यकर्त्याच्या खिशात अशी एक परभणी असते.

मात्र एक गोष्ट तेथेही वाटली जाते, ती म्हणजे माणसांचे हात. लिहिलेले दोघांकडे राहते, लिहिणारा एकाकडेच. सहा डेस्कटॉप म्हटले की सहा ठिकाणी घड्याळ बसवावे लागते आणि सहा ठिकाणी त्याचा दोष काढावा लागतो. म्हणून आम्ही वेगळ्या चुलीचे सरसकट गोडवे गात नाही.

परस्परांचे तोंड न पाहणाऱ्या या दोन घरांनी एके ठिकाणी मात्र चूल एक केली. ती गोष्ट आपल्या भाषेशी जोडलेली आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. देवनागरी लिहिणे संगणकास सोपे नाही. इंग्रजीचे अक्षर एकापुढे एक ठेवले की झाले. आपला ऱ्हस्व इकार मागून उच्चारायचा आणि पुढे काढायचा. जोडाक्षरात अर्धे अक्षर कोठे चिकटेल त्याचा नेम नाही. आणि रफार तर डोक्यावर चढून बसतो. 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. मराठी माणसास हा भेद डोळ्यांनी दिसतो, यंत्रास तो शिकवावा लागतो. अक्षरांची ही जुळणी ग्नोम आपल्या परीने करी, क्यूटी आपल्या परीने. मूळ साहित्य दोघांनी एकाच ठिकाणाहून उचललेले, आणि नंतर आपापल्या घरी त्यात निराळे फेरफार केलेले. शेवटी ते एकत्र केले गेले. त्यातून जी समाईक यंत्रणा घडली तिचे नाव हार्फबझ. हा फारसी शब्द आहे. हर्फ म्हणजे अक्षर, हे निजामाच्या राज्यात राहिलेल्या आपल्या भागास सांगणे नको. बाज म्हणजे येथे 'उघडा'. ती घडविण्यात बेहदाद एस्फहबोद या इराणी वंशाच्या अभियंत्याचा मोठा वाटा आहे. आज ग्नोमवर लिहा की केडीईवर, मराठी अक्षर जुळते ते याच यंत्रणेने.

अक्षरांचे ठसे आपल्या पुण्याचे आहेत. मॉड्युलर इन्फोटेक या पुण्याच्या कंपनीने घडविलेले भारतीय लिप्यांचे ठसे रेड हॅट कंपनीने २००४ साली मुक्त परवान्याने खुले केले, आणि तिच्या पुण्यातील मंडळींनी पुढे ते राखले. नाव 'लोहित', म्हणजे तांबडा. आमच्या झेंड्याकडे पाहून ते ठेवले नसेल, पण आम्हांस आवडले. मराठी 'ल' आणि 'श' यांचे वळण हिंदीहून वेगळे. तो भेदही त्यात सांभाळला आहे. आमच्या जुन्या नोंदवहीतील नावे एका वेगळ्याच ठशात टंकलेली होती. तो ठसा यंत्रात नसला की 'शेख' आणि 'लोखंडे' यांच्या जागी नुसती चिन्हांची रांगोळी दिसे. ती नावे युनिकोडमध्ये आणून ठेवण्यास दोन महिने लागले, आणि लिनक्सवर येण्यातले सर्वांत कष्टाचे काम तेच होते.

पुढचा कलह केवळ सवयीचा होता, आणि तो अधिक बोचरा झाला. ग्नोमची दुसरी आवृत्ती २००२ सालची. वर एक पट्टी, खाली एक, यादी डावीकडे. नऊ वर्षे लोकांची बोटे त्यावर बसली. एप्रिल २०११ मध्ये तिसरी आवृत्ती आली आणि खालची पट्टी गेली, खिडकी लहान करण्याचे बटणही गेले. रचणाऱ्यांपाशी कारणे होती. नवी यंत्रे, नवी नजर, कमी पसारा. ती सगळीच खोटी नव्हती. पण वापरणाऱ्यास विचारले कोणी? खुद्द टॉरवाल्ड्स संतापून एक्सएफसीईवर गेले. दोन वर्षांनी परत ग्नोमवर आले, हेही सांगितले पाहिजे. केडीईनेही जानेवारी २००८ मध्ये चौथी आवृत्ती अर्धीकच्ची बाहेर काढून हाच अनुभव घेतला होता. उबुंटू हे लिनक्सचे फार पसरलेले रूप. त्याच्या चालकांनी २०११ मध्ये युनिटी नावाची तिसरीच गादी सर्वांपुढे मांडली आणि ५ एप्रिल २०१७ रोजी ती आवरती घेत असल्याचे जाहीर केले.

त्यावर लोकांनी निवेदने दिली नाहीत, चुली मांडल्या. अर्जेंटिनातील एकाने ग्नोमची जुनी दुसरी आवृत्ती उचलून 'माते' या नावाने जिवंत ठेवली. माते हे त्यांच्याकडील पेय, आपल्या चहासारखे. लिनक्स मिंट या प्रकल्पाच्या क्लेमाँ लफेव्र यांनी ग्नोमच्या तिसऱ्याच आवृत्तीवर जुन्या धर्तीची गादी घातली. ती 'सिनॅमन', म्हणजे दालचिनी. ग्नोमवाल्यांनीही २०१३ साली एक जुन्या वळणाचा पर्याय आत ठेवला. सोडून गेलेल्यांमुळे राहिलेल्यांचे ऐकले जाते, हे येथेही दिसले. टाकून दिलेली युनिटी तर भारतातील एका शाळकरी मुलाने २०२० साली पुन्हा उभी केली, आणि २०२२ साली उबुंटूने तिला आपल्या अधिकृत रूपांत घेतले.

कोणी म्हणेल, एका बटणासाठी एवढा गहजब? आम्ही उलट विचारतो. चाळीस वर्षे पोती उचलणाऱ्या माणसास आकडा कोणत्या हातात धरावा, हे गोदामाच्या मालकाने ठरवावे काय? कारकुनाची बोटे म्हणजे त्याची कमाई असते. बटणाची जागा बदलली की दिवसाला पन्नास पावत्यांच्या चाळीस होतात, आणि त्या दहांचा जाब त्यालाच विचारतात. सरकारी कचेऱ्यांत हे अनेकदा घडले आहे. न्यायालयांच्या संगणकीकरणात मुक्त आज्ञावली घेतल्या गेल्या, प्रकरणांच्या नोंदीची आज्ञावली पुण्याच्या एनआयसीने रचली, आणि आज जिल्ह्याजिल्ह्यांच्या न्यायालयांत तीच चालते. ही चांगलीच गोष्ट होय. परंतु गादी कोणती असावी, हे बेलिफास किंवा टंकलेखकास कधी विचारले गेल्याचे आमच्या वाचनात नाही.

यात आमच्या चळवळीचीही एक चूक आहे. १९६० नंतरच्या दशकात आयुर्विमा महामंडळाच्या कलकत्त्यातील कचेरीत संगणक बसू नये म्हणून कर्मचाऱ्यांनी पहारे दिले. सरकारने १९६९ साली वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली स्वयंचलनावर समिती नेमली. १९८३ साली बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी संगणक किती आणि कोठे बसवावेत याचा करार केला. त्या लढ्यांबद्दल आम्हांस आदर आहे. माणसांच्या नोकऱ्या पणास लागल्या होत्या. पण यंत्रे किती, हे आम्ही विचारीत राहिलो. ते उघडून पाहण्याचा, बदलण्याचा, नको झाल्यास वेगळी चूल मांडण्याचा हक्क कोणाचा, हे विचारावयाचे राहून गेले. तो प्रश्न विद्यापीठांतील पोरांनी विचारला आणि सोडविलाही.

आता पुन्हा मोंढ्यात येऊ. मुलाने आमच्या यंत्रावर एक्सएफसीई घातला, कारण स्मरणशक्ती थोडी आणि तबकडी जुनी. यंत्र चालू लागले. आम्ही मात्र केडीईच्या त्या कराराने भारावलो होतो, तेव्हा एका रात्री पुस्तिका वाचून आपल्या हाताने तोही घातला, आणि नको त्या आज्ञावलीही सर्वाधिकार देऊन उघडल्या. सकाळी परवलीचा शब्द घातला की पडदा क्षणभर काळा होई आणि पुन्हा परवलीचा शब्द मागे. असे दहा वेळा झाले. नोंदवही आत, आणि आम्ही दाराशी. मुलगा परीक्षेस बसलेला. त्या दिवशी सतरा जणांच्या भरपाईचे कागद जावयाचे होते.

दुपारी त्याचा फोन आला. तो म्हणाला, "काका, आधी गोदाम शाबूत आहे का बघा." कंट्रोल, अल्ट आणि एफ३ एकदम दाबले. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे आली. तेथे तोच परवलीचा शब्द चालला. म्हणजे गाभा ठीक, परवलीचा शब्द ठीक, नोंदवही जागेवर. बिघाड गादीचा. मग त्याने तबकडी भरली आहे का ते पाहण्यास सांगितले, कारण जागा संपली तरी हेच लक्षण दिसते. जागा होती. मग एक नवा वापरकर्ता निर्माण करावयास लावला. तो सरळ आत गेला! म्हणजे गादीही शाबूत. बिघाड फक्त आमच्या स्वतःच्या खात्यात. अखेर सापडले ते असे की, आमच्या घरातील 'एक्सऑथॉरिटी' नावाची एक लपलेली फाइल, जी खिडकी उघडण्याची परवानगी देते, ती 'रूट' या सर्वाधिकाऱ्याच्या नावावर चढली होती. आपल्याच वावराचा सातबारा दुसऱ्याच्या नावे लागावा, तसे. रात्री सर्वाधिकार देऊन उघडलेल्या आज्ञावलींचा तो प्रताप. एका ओळीच्या आज्ञेने ती आमच्या नावावर आणली आणि दार उघडले. कागद पाचच्या आत गेले.

सायंकाळी कोणता डेस्कटॉप ठेवावा यावर कार्यकारिणीत चर्चा झाली. आम्ही केडीईच्या बाजूने अर्धा तास बोललो. नॉर्वे, नोकिया, न्यास, सारे सांगितले. सर्वांनी ऐकून घेतले. मग एका जुन्या मापाड्याने विचारले, "पण दादा, त्यावर बसतं कोण?" बसतात त्या हिशेब पाहणाऱ्या ताई. त्या तोवर गप्प होत्या. त्यांनी दोन्ही उघडून पाहिले, दोन्हींवर एकेक पावती छापली आणि म्हणाल्या, "मला हा पहिला. छापायचं बटण पहिल्यासारखं जागेवर आहे, अक्षर मोठं होतं, आणि चालू व्हायला वाट बघावी लागत नाही." ठराव एका वाक्यात लिहिला गेला. एक्सएफसीई राहिला.

एक चिंता मात्र आहे. एक्सची जुनी यंत्रणा आता जात आहे, तिच्या जागी २००८ साली आरंभलेली वेलँड येत आहे. ग्नोमने २०२५ साली एक्सवरील आपले कामकाज जवळपास आवरते घेतले. पूर्ण्यास मीटर गेजची गाडी पाहिलेल्यांस हे ओळखीचे वाटेल. रूळ रुंद होणे चांगलेच, पण जुन्या डब्यांचे काय होणार, हे ज्याचे बिऱ्हाड त्यात आहे त्यालाच लागलेले असते. एक्सएफसीईची मंडळीही नव्या रुळाची तयारी करीत आहेत, सावकाश.

कंट्रोल-अल्ट-एफ३ पासूनच्या साऱ्या पायऱ्या ताईंनी मराठीत एका कागदावर लिहून भिंतीला चिकटविल्या आहेत, हमालीच्या दरपत्रकाशेजारी. मागच्या आठवड्यात शेजारच्या अडत्याचा मुनीम तो उतरवून घेऊन गेला.